ग्यानबाने देवमनला पाडलं, त्याची हकीकत

थोरल्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेला, तेव्हा ग्यानबाने पाहुण्यांना सगळ्यात आधी त्यांचा पक्ष विचारला. थट्टा नाही, मी शेजारी बसलेलो होतो. मुलगा तलाठी, घर स्लॅबचं, दारात विहीर. मुलाचा बाप भला माणूस होता. बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "आमचं काय हो, ज्याचं काम चांगलं त्याले मत." ग्यानबाने आपली बशी तशीच खाली ठेवली, टोपी डोक्यावर चढवली आणि मला म्हणाला, "उठ कंडक्टर. येथी आपलं जमत नाई."

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, अरे बाबा, तलाठी होता. तर म्हणाला, "असू दे तलाठी. ज्याचं मत दर पाच वर्सानं बदलते, त्याच्या घरात पोरगी देऊ?" पर्वताबाई, म्हणजे त्याची बायको, त्यानंतर महिनाभर त्याच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. मला विचाराल तर ग्यानबाचं बरोबर होतं.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. वाशीम, मालेगाव, मेडशी याच पट्ट्यात नोकरी गेली. तेवढ्या वर्षांत मला माणसांचे दोनच प्रकार दिसले. एक, जिथलं तिकीट काढलं तिथे उतरणारे. दुसरे, जवळचं तिकीट काढून पुढच्या गावापर्यंत खिडकीबाहेर बघत बसणारे. या दुसऱ्यांचा मला तिटकारा आहे. म्हणूनच रिटायर होऊन मी मेडशीजवळच्या आमच्या गावात परत आलो, तेव्हा माझं पटलं ते ग्यानबाशी.

आमच्या पक्षाचं नाव मी लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. ग्यानबा त्या पक्षात चाळीस वर्षं होता आणि त्याने एवढ्या वर्षांत काही मागितलं नव्हतं. आमच्या बूथचा प्रमुख, एवढीच त्याची पदवी. पण त्याचे नियम पक्षाच्या घटनेपेक्षा कडक. अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत समोरच्या पार्टीच्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ज्या लग्नपत्रिकेत त्यांच्या पुढाऱ्याचं नाव असेल त्या लग्नाला जायचं नाही, मग नवरी सख्ख्या साडूची पोर का असेना. हे नियम त्याला देवमनच्या वडिलांनी, गावातल्या पक्षाच्या जुन्या पुढाऱ्याने, घालून दिले होते. म्हातारे गेले, नियम ग्यानबाने सांभाळले, आणि देवमनने ते मोडले. सगळी हकीकत या मोडण्याचीच आहे.

ग्यानबाकडे आणखी एक गोष्ट होती, त्याची जीभ. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी गावाच्या वेशीशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली सगळ्या बैलजोड्या उभ्या करतात. तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणायच्या असतात. झडती म्हणजे चार ओळींचा यमक जुळवलेला टोमणा. कोणाचं नाव घ्यायचं नाही, पण कोणाला लागलं ते शेवटच्या पोराला कळलं पाहिजे. शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. ज्याला लागली त्याने झडतीनेच उत्तर द्यायचं, नाहीतर हसून सोसायचं. त्या दिवशी रागावायची मुभा नाही. मानाची जोडी देवमनच्या घरची. ती पुढे झाल्याशिवाय तोरण तुटत नाही. आणि त्या घराकडून झडती म्हणायचा ग्यानबा, आधी म्हाताऱ्यासाठी, मग देवमनसाठी. समोरच्या पार्टीने पाण्याची टाकी बांधली आणि नळाला थेंब आला नाही, त्या साली त्याने म्हटलेली अजून लोकांच्या तोंडी आहे:

टाकी बांधली उंचच उंच, पान्याचा नाई ठाव,
पाटीवर पुढाऱ्याचं मोठ्ठं मोठ्ठं नाव;
कोरड्या तोटीखाली घागर वाजते छान,
पाटी चाटून भागवा बापा आपआपली तहान!

टाकी बांधणारा ठेकेदार त्यानंतर दोन वर्षं गावात फिरकला नाही. ग्यानबाच्या झडतीचा मार असा होता.

आता देवमनचं सांगतो. माणूस वाईट नाही, हे मी दात-ओठ खाऊन लिहितो. पन्नाशीचा, शिकलेला, हसरा. पक्षाने त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं तेव्हा ग्यानबाने स्वतः गावभर पेढे वाटले. समोर उभा होता तांड्यावरचा मदनसिंग, मागच्या वेळेचा निवडून आलेला. फेब्रुवारी होता, हरभरा काढणीला आला होता. आम्ही तिघं जीपमधून गावोगाव हिंडत होतो. देवमन हात जोडायला, ग्यानबा माइकवर, आणि मी रस्ता सांगायला.

मतदानाला चार दिवस राहिले होते. तांड्याकडून येताना वळणावर मदनसिंगची गाडी टायर फुटून पडलेली दिसली. तो स्वतः उन्हात उभा, खांद्यावर त्यांच्या पार्टीचा गमछा. ग्यानबाला असा आनंद झाला की त्याने भोंग्याचा आवाज वाढवला. म्हाताऱ्यांच्या काळी अशा वेळी गाडी धूळ उडवत निघून गेली असती. देवमनने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि दार उघडलं. "या मदनभाऊ, कायले उनात उभे राह्यता?"

मदनसिंग आत आला आणि देवमन आणि ग्यानबा यांच्या मध्ये बसला. त्याचा गुडघा ग्यानबाच्या गुडघ्याला लागला. ग्यानबाने अंग आक्रसून घेतलं, पण माइक सोडला नाही. "आपल्या हक्काचा मानूस, देवमनलेच निवडून द्या!" तो गरजला. तेव्हा देवमनने हात लांब करून माइकचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "काका, थोडा वेळ गप ऱ्हा ना. पाहुने बसले हायेत."

मदनसिंग हसून म्हणाला, "चालू द्या हो, मी बी ऐकतो." पण बटण बंद ते बंदच. पुढचे सहा किलोमीटर दोन उमेदवार पांदण रस्त्याच्या मुरमाबद्दल आणि बैलबाजाराबद्दल गप्पा मारत राहिले, आणि आमचा ग्यानबा मुका माइक मांडीवर घेऊन बसला. मी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहू लागलो. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्याच संध्याकाळी मेडशीच्या बाजारात सभा होती. देवमन उभा राहिला आणि म्हणाला, "मदनभाऊनं पांदण रस्ता केला, चांगला केला. मी निवडून आलो तं त्याले संगं घेऊन काम करीन. पडलो तं त्याच्या संगं जाऊन काम करीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याच लोकांनी! मदनसिंगच्या लोकांनी तर शिट्ट्या मारल्या. मला सांगा, समोरचा इतका चांगला असेल तर आम्ही महिनाभर घसा कशासाठी फोडत होतो? आमची चाळीस वर्षं काय गंमत म्हणून गेली होती?

सभेतून उठताना ग्यानबा मला एवढंच म्हणाला, "आता याले पाडाच लागते."

मी नाही म्हणालो नाही. उलट मला बरं वाटलं. सूड घ्यायचा तर माणसाला ताकद लागते, पैसा लागतो, चार माणसं लागतात. आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे यातलं काहीच नव्हतं. पण मत गुप्त असतं. यापेक्षा चांगली सोय सरकारने गरिबाच्या रागासाठी केलेली नाही. ग्यानबाने दोन्ही मुलं, दोन्ही सुना आणि पर्वताबाई यांना ओट्यावर बसवलं आणि कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं. मी होतो तिथे. कोणी उलट बोललं नाही. ग्यानबाच्या घरात उलट न बोलणं म्हणजे होकार, असं तो लग्न झाल्यापासून समजत आला होता.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं आंघोळ करून, कपाळाला गंध लावून गेलो. पंचायत समितीचं बटण आम्ही आपल्याच पक्षाचं दाबलं, कारण पक्षाशी आमचं भांडण नव्हतं. जिल्हा परिषदेचं मात्र मदनसिंगचं. बटण दाबण्याआधी मी चिन्ह दोनदा पाहिलं. ग्यानबाने एकदाच पाहिलं, असं तो बाहेर आल्यावर म्हणाला.

देवमन नऊ मतांनी पडला.

नऊ! तुम्हाला त्या आकड्याची गोडी कळायची नाही. एक मत इकडून तिकडे गेलं की फरक दोनाचा पडतो. ग्यानबाच्या घरची सहा आणि माझं एक, सात मतं, म्हणजे चौदाचा फरक. आम्ही फिरलो नसतो तर देवमन पाच मतांनी आला असता. हा हिशेब आम्ही फाट्यावरच्या हॉटेलात बसून इतक्या वेळा केला की रज्जाकने, म्हणजे हॉटेलवाल्याने, एकदा विचारलंच की तुम्ही दोघं नेमकं काय मोजता. आम्ही म्हटलं, काही नाही, वय.

पण आनंद टिकला नाही, कारण देवमनने टिकू दिला नाही. मोजणी संपल्याबरोबर तो मालेगावात सगळ्यांसमोर मदनसिंगच्या गळ्यात पडला. स्वतः हार घातला, त्याचाच गुलाल घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. दुसऱ्या महिन्यात दोघं एकाच मोटारसायकलवर शाळेच्या खोल्या पाहायला गेले. आम्ही पाडलेला माणूस हसत हिंडत होता. ग्यानबा एक दिवस बाकावर मूठ आपटून म्हणाला, "पडला, पन त्याले लागलं कुठं?"

मी म्हटलं, "झालं ना. आता सोड."

"काय सोडू? त्याले मालूमच नाई कोनं मारलं. मंग मार लागन कसा?"

त्याच्या डोक्यात पोळा होता. मार्चपासून तो एकच झडती घडवत बसला. सोयाबीन पेरताना, डवरताना, फवारणीचा पंप पाठीवर असताना तो ओळी पुटपुटायचा आणि संध्याकाळी मला म्हणून दाखवायचा. एक शब्द चुकला की दुसऱ्या दिवशी नवा. शेवटच्या ओळीला दीड महिना लागला. त्यात एक शब्द माझाही आहे, आणि मला तो आठवला की अजून गंमत वाटते. खोटं कशाला सांगू, ते सहा महिने आमच्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले गेले. सकाळी उठायला कारण होतं. देवमन रस्त्यात भेटला की "काय काका, बरं हाय ना?" म्हणायचा, आणि आम्ही दोघं इतकं गोड हसायचो की त्याला शंका यायला पाहिजे होती.

पोळा आला. आता गावात ट्रॅक्टर झाले, जोड्या राहिल्या चाळीसेक. पण त्या दिवशी वेशीशी पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, सनईवाले मालेगावहून आणलेले. मानाची जोडी घेऊन देवमन तोरणाखाली आला आणि सवयीने उजव्या हाताला पाहिलं. ग्यानबा तिथे नव्हता. तो समोरच्या बाजूला, गर्दीच्या पुढे, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. लोकांच्या ते लक्षात आलं आणि सनई थांबली. ग्यानबाने घसा साफ केला.

एका गाडीत दोन नवरदेव, वऱ्हाड पडलं पेचात,
एकाच्या डोक्शाले बाशिंग, दुसरा बसला तोऱ्यात;
वाजंत्र्याले म्हने गप रे, पाहुने बसले शेजारी,
नवरी गेली पाहुन्यासंगं, नवरदेव परतला घरी!

"हर बोला, हर हर महादेव!" अख्खं गाव ओरडलं आणि मग जे हसणं सुटलं ते आवरेना. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमच्या पार्टीचे लोक तर सगळ्यात जास्त. त्यांच्याही पोटात सहा महिने तेच साचलं होतं. दोघांनी ग्यानबाची पाठ थोपटली. मी त्याच्या मागेच उभा होतो. माझी छाती फुगली होती.

देवमनही हसला, नियमच तसा. पण त्याचे कान लाल झाले होते. आता उत्तर द्यायचं होतं आणि त्याच्याकडे उत्तर देणारा माणूसच नव्हता. त्याने कासरा दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाला, "ग्यानबाकाका, मले झडती येत नाई. आजवर आमच्याकडून तुमीच म्हनत आले. मनून सरयच इचारतो. तुमचं मत मले होतं का?"

ग्यानबा गप्प बसला असता तरी चाललं असतं. हसण्यावारी नेलं असतं तर आणखी चांगलं. पण याच प्रश्नासाठी तर तो सहा महिने जगला होता. मी पाहिलं, त्याचा चेहरा उजळला.

"नव्हतं!" ग्यानबा म्हणाला. "मीच पाडलं तुले. घरचे सहाच्या सहा मतं फिरवले. माह्या हातातला माइक बंद करतं काय?"

मागचे लोक पुढे सरकले. मग आमच्याच लोकांतून कोणीतरी बोललं, "अन् थे मतं देले कोनाले? मदनसिंगले?" आणि दुसऱ्याने शब्द उच्चारला, "गद्दार." मिनिटापूर्वी पाठ थोपटणारा माणूस होता तो. मग चारी बाजूंनी सुरू झालं. दुसऱ्याला पक्ष विचारत होता, म्हणे. साडूच्या पोरीच्या लग्नाला गेला नाही, आणि स्वतः जाऊन त्यांच्या बटणावर बोट ठेवलं. ग्यानबा मोठ्याने सांगत होता की मत पक्षाविरुद्ध नव्हतं, माणसाविरुद्ध होतं, आणि पंचायत समितीचं बटण पक्षाचंच दाबलं होतं. कोण ऐकतो? एवढ्यात बैल बुजले, मानाची जोडी पुढे उसळली, तोरण तुटलं आणि सगळे धावले.

मी काय केलं ते सांगतो. मी ग्यानबाच्या मागून दोन पावलं सरकलो, मग आणखी दोन, आणि देवमनच्या डाव्या बैलाची वेसण धरली. जनावर बुजलं होतं, कोणीतरी धरायला पाहिजे होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तोरण तुटल्यावर जोड्या घरोघर नेतात. दारात आलेल्या बैलाला परत पाठवायचं नसतं, घराघरांत कितीही वैर असो. दिवस मावळायच्या आत देवमनची जोडी ग्यानबाच्या दारात आली आणि वेसण माझ्याच हातात होती. ग्यानबा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. पर्वताबाई तांब्या आणि ताट घेऊन बाहेर आली. तिने बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला. मग पदराला हात पुसत, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "देवमनभाऊ, या घरातून पाच मतं तुले पडले. मी, पोरं, सुना, आमी सारे तुह्यावरच गेलो. तिकडं गेलं ते या एकट्याचं."

आत खाट करकरली. ग्यानबा दारात आला. त्याने बायकोकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिलं. दोन्ही मुलांनी मान खाली घातली. माणूस मेल्याची बातमी आल्यावर असतो तसा त्याचा चेहरा झाला होता. सहा महिने त्याने जो सूड उरात मिरवला तो घडलाच नव्हता. देवमनला लोकांनी पाडलं होतं, आणि ग्यानबा उगाच गावासमोर गद्दार ठरला होता.

देवमन पुढे झाला आणि त्याने ग्यानबाच्या पायांना हात लावला. "असू द्या काका. एका मतानं कोनी पडत नसते."

हा त्याचा चांगुलपणा! अरे, शिवी दे, थोबाडीत मार, दारात थुंक. एवढा हक्क तरी ठेव समोरच्याचा. ज्याला पाडायला निघालो त्याने पाया पडून माफ करावं, यापेक्षा वाईट मार मी पाहिलेला नाही. ग्यानबाचे ओठ हलले. "एका मतानं," तो पुटपुटला, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मत एक नव्हतं, दोन होती. हे त्या दारात दोघांनाच माहीत होतं. मी बैलाच्या शिंगाचा गोंडा नीट करू लागलो. गोंडा नीटच होता. ग्यानबाने नाव घेतलं असतं तर मी तिथेच मेलो असतो. ज्याने ठेकेदाराला सोडलं नाही, साडूला सोडलं नाही, होणाऱ्या व्याह्याला सोडलं नाही, तो माझ्याबद्दल काही बोलला नाही आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालचा व्हिडिओ तालुक्यापर्यंत पोहोचला. पक्षाच्या ग्रुपमधून ग्यानबाला काढा, असा तालुक्यावरून फोन आला. ग्रुपचा ऍडमिन मी होतो. मी काढलं. चाळीस वर्षांचा माणूस काढायला दोनदा बोट टेकवावं लागतं.

आठ दिवसांनी देवमनच्या घरी बैठक झाली. नवा बूथप्रमुख नेमायचा होता. देवमन स्वतः उठला आणि म्हणाला की ग्यानबाकाकांच्या इतक्या जवळ राहूनही जो माणूस ढळला नाही, त्यालाच हे काम द्यावं. मग त्याने माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या आणि माझ्या गळ्यात हार पडला. मला उठून बोलायचं होतं. काय बोलायचं होतं तेही तयार होतं. मी म्हणालो, "पक्षानं इश्वास टाकला, आभारी हाय."

हार हातात घेऊन मी फाट्यावर आलो तर ग्यानबा तिथे मालेगावच्या बसची वाट पाहत उभा होता. पिशवीत बहुतेक औषधाची चिठ्ठी असावी. आसपास पाच-सात माणसं होती. आता हा इथेच झडती म्हणणार आणि ती माझ्यावर असणार, अशी माझी खात्रीच झाली. खरं तर म्हणावी असं वाटलं. मी तोंडावर मार घ्यायला तयार उभा राहिलो.

"झाला काय परमुख?" त्याने विचारलं.

"केलं त्याईनं."

"तुह्या मताचं सांगितलं त्याले?"

"नाई."

बस आली. त्याने पायरीवर पाय ठेवला, मागे वळला आणि आजूबाजूच्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तोंड उघडलं असतं, कंडक्टर, तं निदान दोघं तरी असतो."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. रस्त्यात दिसला तर मीच गल्ली बदलतो. देवमन आणि मदनसिंग आता मिळून नाल्याचं काम करताहेत, आणि ते काम चांगलं चाललंय, याचाही मला राग येतो. तो राग सांगायला मात्र माणूस उरला नाही.

काल तालुक्यावरून बूथची नवी मतदार यादी आली. प्रमुखाने प्रत्येक नावापुढे खूण करायची असते, हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. पर्वताबाई आणि तिची मुलं-सुना यांच्यापुढे मी 'आपला' लिहिलं. मग ग्यानबाचं नाव आलं, आणि पुढच्या पानावर माझं. त्याच्यापुढे मी 'त्यांचा' लिहिलं. माझ्यापुढे 'आपला'. यादीवर सही केली आणि तालुक्याला पाठवून दिली.